जुन्नरातली कराची

हमीदभाईच्या फोटो स्टुडिओत फोटोच्या कडा कापायचं एक यंत्र होतं. दिवसभर त्याचं खटखट चालायचं आणि संध्याकाळपर्यंत खाली पांढऱ्या पट्ट्यांचा ढीग साचायचा. तो कुणी मुद्दाम जमवलेला नसे. फोटो ज्याचे ते घेऊन जात, कडा तेवढ्या मागे राहत. माझ्याकडचे किस्से हे असेच मागे राहिलेले आहेत.

स्टुडिओच्या ओट्यावर माझं टेबल होतं. कचेरी जवळ, त्यामुळे लोकांचे अर्ज लिहून देण्याचं माझं काम बरं चालायचं. सगळे मला 'रायटर' म्हणत. आत हमीदभाई काळ्या फडक्यात डोकं घालून उभा, आणि मागच्या पडवीत दत्तू पेंटर पडदे रंगवत बसलेला. नारायणगावच्या तमाशाच्या फडांचे पडदे रंगवून दत्तूचा हात तयार झाला होता. हमीदभाईसाठी त्यानं लंडन काढलं होतं, काश्मीर काढलं होतं आणि एक विमान काढलं होतं. स्वतः मात्र तो पुण्याच्या पुढं गेलेला नव्हता. पुण्यालाही जायचा तो रंग आणायला.

हे सगळं पन्नास-पंचावन्न सालाच्या आसपासचं. एखाद्या ठिकाणी माझा हात थोडा सैल सुटला असेल. पण शपथेवर सांगायला लावू नका. गावातली निम्मी शपथपत्रं मीच लिहिलेली आहेत, त्यामुळे त्यांचा भरवसा मला माहीत आहे.

*

सगळ्यात जास्त मागणी विमानाला. पडद्यावर विमानाचं उघडं दार, आणि पडद्यापुढं एक खरं स्टूल. स्टुलावर चढून दाराच्या कडेला हात लावायचा आणि मागं वळून बघायचं, की माणूस निघाला परदेशी. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली विटेचा तुकडा लावलेला असे.

राजुरीच्या एका बागायतदारानं आपल्या मुलाचा असा फोटो काढून बोरी बुद्रुकला स्थळासाठी धाडला. मुलीचा बाप घर बघायला राजुरीला आला. मीही होतो, बागायतदाराचे अर्ज माझ्याकडे असायचे म्हणून.

चहा झाला. बागायतदार सहज बोलल्यासारखं बोलला, "आमचं पोरगं मुंबईला इमानानंच जातं-येतं. एस्टी त्याला सोसत न्हाई."

 मुलीच्या बापानं बंडीच्या खिशातून कागदात गुंडाळलेला एक फोटो काढला आणि पुढं ठेवला. तो स्वतः, बायको आणि मुलगी. तेच दार, तेच स्टूल, स्टुलाखाली तोच विटेचा तुकडा.

"आमीबी त्याच इमानात व्हतो, पावणं," तो म्हणाला. "तुमचं पोरगं फुडं बसलं असंल. दिसलं न्हाई."

लग्न तिथंच ठरलं. एकमेकांना इतकं नीट ओळखून झालेलं लग्न मी दुसरं पाहिलेलं नाही.

*

दत्तूची एक खोड होती. पडदा कुठल्याही देशाचा असो, मागच्या बाजूला तो शिवनेरी काढायचाच. काश्मीरच्या तळ्यामागं शिवनेरी. लंडनच्या घड्याळाच्या मनोऱ्यामागं शिवनेरी. विमानाच्या पंखाखालून डोकावणारा, तोही शिवनेरीच.

हायस्कूलचे भूगोलाचे मास्तर फोटो काढायला आले आणि लंडन बघून तापले. "अरे, लंडनला शिवनेरी कुठून आला?"

दत्तू ब्रश पुसत म्हणाला, "मास्तर, तुमी गेलाय का लंडनला?"

"नाही."

"मीबी न्हाई. मंग भांडायचं कशापाई? बसा, मान वाईच वर करा."

मास्तर बसले. पुढं कितीतरी वर्षं तो फोटो त्यांच्या ओसरीवर होता, आणि मागं काय आहे असं कुणी विचारलं, की ते 'लंडन' म्हणूनच सांगत.

*

आता हलीमाचाचीचं सांगायला हवं, कारण पुढं सगळीकडं तीच आहे.

हलीमाचाची हातकागद करणाऱ्या घराण्यातली. कागदाचा धंदा बसला होता, पण तिच्या बोटांना लगद्याची सवय राहिली होती. बोलताना काहीतरी चुरगाळत बसायची. नवरा वारलेला. एकुलती एक लेक जुबेदा फाळणीच्या वेळी नवऱ्याबरोबर कराचीला गेली. तिकडं तिला मुलगा झाला. चाचीनं तो बघितलेला नव्हता. आधी परमिट लागायचं, आता पासपोर्ट-व्हिसाची भानगड नवीन सुरू झाली होती. आधी आपल्या सरकारचा पासपोर्ट, मग त्यांच्या सरकारचा व्हिसा. लेकीला इकडं यायचं तर तिलाही तेच सगळं, उलट्या बाजूनं. चाचीला एकच हवं होतं, हातपाय चालताहेत तोवर एकदा लेकीकडं जाऊन यायचं.

मी अर्ज भरायला घेतला.

"चाची, प्रवासाचं कारण?"

"पोरीच्या डोक्याला तेल लावायचंय."

मी लिहिलं, 'नातेवाइकांची भेट.' ती म्हणाली, "वाच." मी वाचलं.

"त्यात तेल कुटाय?"

"चाची, सरकारला तेल कशाला सांगायचं?"

"खरं सांगायचं म्हनून तूच म्हनला ना? मी काय भेटाया चालले व्हय? भेटत्यात पावणं. तिचे केस लई दाट हायेत, तिला एकटीला आवरत न्हाईत."

मी तेल घातलं. "मुक्काम किती दिवस?"

"गुंता सुटंस्तोवर."

अर्ज परत आला. शेऱ्यात लिहिलं होतं, 'दिवसांचा आकडा द्यावा.' तेलाबद्दल मात्र कुणी हरकत घेतली नव्हती.

"आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या कागद केला," चाची म्हणाली. "आन आता माझाच एक कागद कमी पडतोय."

दुसरा अर्ज केला, तो दोन-अडीच वर्षं कुठं बसला कळलं नाही. त्या काळात चाची रोज दुपारी ओट्यावर येऊन बसू लागली. टपालवाला तिथूनच जायचा.

*

त्याच दिवसांत डिंभ्याच्या वरच्या अंगाचा एक कोळी म्हातारा आला, धावजीबाबा. गोऱ्या सरकारच्या काळात त्या डोंगरातल्या कित्येक माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. काही केलं म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मले म्हणून. पलीकडच्या गावी लग्नाला जायचं तरी चिठ्ठी लागायची. जाताना सांगायचं, आल्यावर सांगायचं. धावजीबाबाचं सगळं आयुष्य त्यात गेलं, आणि मग एक दिवस तो कायदाच गेला.

बाबा हमीदभाईला म्हणाला, "लांब कुटलं हाय तुमच्याकडं?"

"काश्मीर आहे, लंडन आहे."

"त्यात लांब कंचं?"

"लंडन."

"मंग त्येच."

लंडनपुढं तो काठी धरून ताठ बसला. फोटो झाला. बाबा उठला आणि बाहेर माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला.

"काय बाबा?"

"आलो म्हून लिवा."

"कुठून?"

"लंडनातनं. जाताना सांगायचं ऱ्हायलंच. येताना तरी लिवून घ्या."

मी त्याला बसवलं, समजावलं. "बाबा, हजेरी गेली आता. कुठंही जा, कुठूनही या. कुणी विचारणार नाही."

 "कुनीच इचारनार न्हाई?"

"कुणीच नाही."

"मंग गेल्यावानी वाटत न्हाई, राव."

शेवटी मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'धावजी आज रोजी लंडनला जाऊन त्याच दिवशी परत आला. वर्तणूक चांगली.' खाली झोकात सही केली. बाबानं कागद पागोट्यात खोवला आणि समाधानानं डिंभ्याची वाट धरली.

चाची शेजारीच बसली होती. म्हणाली, "ह्याला येताना कागद मिळाला. मला जाताना मिळंना."

*

हमीदभाईला ते लागलं. तो दत्तूला म्हणाला, "चाचीसाठी कराची काढ."

"कराचीत असतं काय?"

"मला काय माहीत? जुबेदाच्या पत्रात असेल."

जुबेदाची पत्रं हमीदभाईनं वाचली, दत्तूनं ऐकली. दोन पायऱ्या, निळं दार, दाराशी नळ, शेजारी शिंप्याचं दुकान. आठ दिवसांत कराची तयार झाली. लोकांना कळावं म्हणून हमीदभाईनं शिंप्याच्या दुकानावर उर्दूत मोठ्या अक्षरात 'कराची' असं लिहिलं. मागं काय होतं ते सांगायला नको.

चाची पायरीपुढं खुर्ची टाकून बसली, फोटो निघाला, कराचीला गेला. महिन्यानं उत्तर आलं, 'अम्मी, फोटो बघून फार रडले. नळ उजवीकडं आहे.'

दत्तूनं नळ उजवीकडं घेतला. नवा फोटो गेला. उत्तर आलं, 'आता बरोबर. पण शिंपी दुकान सोडून गेला, तिथं किराणा आलाय.' दत्तूनं शिंपी उठवला, किराणा मांडला. मग जुबेदाच्या नवऱ्यानं वर एक खोली चढवली. दत्तूला शिडी आणावी लागली. मग त्या खोलीत भाडेकरू आला. चाचीनं त्याच्याबद्दल सविस्तर ऐकलं आणि दत्तूला म्हणाली, "त्याला खिडकीत दाखव, पन तोंड पल्याड कर. माझ्या पोरीकडं बघाया नको."

तिकडं घराला नवा रंग दिला तर इथं रंग. तिकडं गिलावा पडला तर इथं पडला. एकदा मी म्हणालो, "दत्तू, गिलावा पडलेला नाही दाखवला तर चालेल की."

दत्तू म्हणाला, "तसं कसं? म्हातारी उद्या खरंच गेली आन घर वळखलं न्हाई, तर?"

*

एकदा लेण्याद्रीची लेणी बघायला एक गोरा साहेब आला. उंच, लाल, गळ्यात कॅमेरा. त्याची फिल्म संपली म्हणून स्टुडिओत शिरला. माझं इंग्रजी अर्जापुरतं. 'आपला नम्र' इथवर नीट जायचं, पुढं अडखळायचं. तरी बोलणं झालं.

साहेबानं दत्तूचं लंडन बघितलं. एकदा जवळून, एकदा लांबून. मग डोंगराकडं बोट करून मला काहीतरी विचारलं. मी दत्तूला सांगितलं, "साहेब म्हणतोय, तो राहतो तिथून हा डोंगर दिसत नाही."

"गल्लीत ऱ्हात असंल," दत्तू म्हणाला.

फिल्मची पावती करायला नाव हवं होतं, तेव्हा साहेबानं पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. चाचीनं तो उचलला. पासपोर्ट नावाची वस्तू तिनं पहिल्यांदाच बघितली. ती एकेक पान उलटू लागली. चौकोनी शिक्के, गोल शिक्के, निळे, जांभळे, एकावर एक चढलेले. शेवटच्या पानापर्यंत जाऊन तिनं साहेबाकडं वर बघितलं.

"इतके देश," ती मला म्हणाली. "ह्याच्या पोरी तरी किती हायेत?"

मी साहेबाला विचारलं. "त्याला मूलबाळ नाही, चाची. लग्नच झालेलं नाही."

चाचीनं पासपोर्ट मिटून दोन्ही हातांनी त्याला परत दिला.

"मंग ह्याला सोडत्यात कशापाई?"

ह्याचं इंग्रजी मी केलं नाही. साहेबाला सांगितलं, म्हातारी तुम्हाला शुभेच्छा देतेय.

*

दुसरा अर्ज हरवला असं शेवटी कळलं. तिसरा केला. या वेळी चूक झाली फोटोत; ती हमीदभाईची, आणि ती त्यानं प्रेमापोटी केली.

पासपोर्टच्या फोटोला मागं पांढरा कपडा लागतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण त्याचं म्हणणं पडलं, की दोनदा पांढऱ्या कपड्यापुढं काढून काय झालं? बाईला जायचं कुठं, हे कचेरीतल्या साहेबाला बघताक्षणी कळलं पाहिजे. म्हणून त्यानं चाचीला कराचीपुढं बसवलं आणि 'कराची' ही अक्षरं नीट दिसतील अशी तिची मान थोडी डावीकडं करून घेतली. मी तोच फोटो अर्जाला डकवला. मलाही काही खटकलं नाही. दोन वर्षं रोज बघून ती कराची आम्हाला घरची झाली होती.

दीड महिन्यानं ओट्यापुढं फौजदार उभा राहिला. हातात कागद. वरच्या कचेरीनं विचारलं होतं, 'अर्जदार बाई विनापरवाना कराचीस जाऊन आलेली दिसते. कधी, कोणत्या मार्गाने व कोणाच्या मदतीने, याची चौकशी व्हावी.'

चाचीचा हात चुरगाळायचा थांबला. आता हा अर्ज जाणार, वर खटलाही होणार, हे आम्हा सगळ्यांच्या तोंडावर आलं असावं.

फौजदारानं विचारलं, "बाई, कराचीला कधी गेला होता?"

"रोजच जाते," चाची म्हणाली. ती घाबरली, की खरं बोलायची.

"कुठून?"

तिनं आत बोट दाखवलं.

फौजदार आत गेला. बूट काढून गेला, का ते मला आजवर कळलेलं नाही. कराचीपुढं तो बराच वेळ उभा राहिला. नळाला बोट लावून बघितलं. खिडकीतल्या पाठमोऱ्या माणसाकडं बघून विचारलं, "हा कोण?"

"भाडेकरू," दत्तू म्हणाला.

"तोंड का फिरवलंय?"

दत्तूनं चाचीकडं बघितलं. चाची म्हणाली, "नजर बरी न्हाई त्याची."

फौजदारानं तेही टिपून घेतलं. मग दोन पावलं मागं येऊन पडद्यावरचा डोंगर बघितला, स्टुडिओच्या खिडकीतून बाहेरचा डोंगर बघितला, पुन्हा पडद्यावरचा बघितला. माझ्याकडं येऊन म्हणाला, "रायटर, अहवाल तुम्हीच लिहा. मी सांगतो."

तो अहवाल माझ्याच हातचा, म्हणून शब्द न् शब्द लक्षात आहे. 'समक्ष जाऊन पाहणी केली असता सदर कराची जुन्नर येथेच मिळून आली. तिच्या पाठीमागे शिवनेरी किल्ला आहे. सबब बाई कोठेही गेलेली नाही.'

तीन आठवड्यांत पासपोर्ट आला.

*

व्हिसासाठी मी आणि हमीदभाई तिला मुंबईला घेऊन गेलो. सकाळी पाकिस्तानच्या कचेरीत बाकावर बसलो, दुपारी खिडकीशी पोचलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, किती दिवस. मी चाचीला दटावून ठेवलं होतं, गुंत्याचं नाव काढायचं नाही. तिनं एक महिना सांगितला. त्यानं पंधरा दिवस दिले, फक्त कराची शहरापुरते. शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही, पोचल्यावर पोलिसात नोंद करायची, निघताना पुन्हा करायची.

चाचीला त्यात काही वावगं वाटलं नाही. "धावजीवानीच की," ती म्हणाली.

आगबोटीवर चढताना तिच्या हातात तेलाची बाटली होती. ट्रंकेत ठेवा म्हटलं, तर म्हणाली, फुटंल.

ती गेली त्या पंधरा दिवसांत दत्तूनं कराचीला हात लावला नाही. सारखं पडद्यापुढं जाऊन उभा राहायचा. नळ, पायऱ्या, खिडकी. परीक्षेला बसलेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं होतं.

*

चाची परतली ती आधी स्टुडिओत आली, मग घरी गेली. आम्ही ओट्यावर तिच्याभोवती बसलो. हमीदभाईनं चहा मागवला.

लेक चांगली आहे. नातू आठ वर्षांचा, पहिले दोन दिवस लाजला, मग पाठ सोडीना. तेल रोज लावलं. केस पहिल्यासारखे दाट राहिले नाहीत, पण आहेत. घर बरोबर सापडलं. हे ऐकून दत्तूनं पहिल्यांदा श्वास सोडला.

"आन फोटो?" त्यानं विचारलं. "लेकीबरुबर येकत्र फोटो काढला का न्हाई?"

"गेलो व्हतो की. तिथं मोठा स्टुडिओ हाय, जुबेदा घिऊन गेली."

"पडदं कसं हायेत त्यांचं?"

"लई हायेत. पन लोकं एकाच पडद्याला रांग लावून उभी. बायाच जास्ती, माझ्या वयाच्या. मीबी ऱ्हायले."

"काय व्हतं त्याच्यावर?"

"कौलारू घर. म्होरं हीर, हिरीवर रहाट. एक लिंबाचं झाड. नाव न्हाई, गाव न्हाई. माझ्या म्होरली म्हनं, ही आमची सुरतेकडची हीर. तिच्या म्होरली म्हनं, न्हाई, लखनौची हाय. दोघी भांडाया लागल्या."

"आन तुमी काय म्हनला?"

"मी कशाला बोलू? मला म्हाईत व्हतं कुटली हाय ती."

दत्तू पुढं सरकला. "दाखवा की मग फोटो."

चाचीनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"निघालाच न्हाई. फोटोवाला भाईर आला आन म्हनला, 'अम्मा, हिंदुस्तानला आज लई गर्दी हाय, सोमवारी या.' आन माझा व्हिसा रविवारपत्तोर."